शर्यतीची गाडी आणि रोजचा रस्ता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला आज चार शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, हे मी जाणून आहे. परंतु गेली तीन-चार वर्षे हळदीकुंकवाला गेले काय, भजनाला बसले काय, मला एकच प्रश्न विचारला जातो. ‘अहो, तुमच्या घरची ती लाल, बसकी गाडी! ती कशासाठी घेतली? तिला दारे दोनच कशी? सासूबाईंना कुठे बसवता? आणि एवढी घोंघावते ती मिरजेला जायला-यायलाच ना?’ प्रत्येकीला वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगावे असे मी ठरवले, आणि हाच विषय घेतला.

मला यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. आमच्या यजमानांचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे, हे आपणांस ठाऊक आहे. गॅरेजची जमाखर्चाची वही लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्याकडे आली, ती आजतागायत माझ्याकडेच आहे. कोणत्या गाडीत किती तेल पडले, कोणता भाग कधी बदलला, कशाला किती पैसे गेले, हे सर्व माझ्या हाताने लिहिले जाते. लिहिता लिहिता माणूस शिकतो. स्वयंपाक तरी आपण पुस्तक वाचून कुठे शिकलो?

गाडी आमची नव्हे, माझ्या धाकट्या जाऊबाईंची. त्या दातांच्या डॉक्टर आहेत आणि त्यांचा दवाखाना मिरजेला आहे. गाडी त्यांनी स्वतःच्या मिळकतीतून २०२१ च्या हिवाळ्यात जुनी म्हणून घेतली. नाव फोर्ड मस्टँग. मस्टँग म्हणजे अमेरिकेतले रानटी घोडे. ही गाडी प्रथम १९६४ च्या १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आली. आपल्या देशात मात्र ती कंपनीमार्फत २०१६ साली आली, आणि तेव्हा दिल्लीतली तिची किंमत पासष्ट लाख होती. २०२० च्या सुमारास येथली विक्री थांबली. आमची गाडी २०१७ सालची.

अशा दोन दारांच्या, उतरत्या छपराच्या गाडीला ‘कूपे’ म्हणतात. पुढे दोघे ऐसपैस बसतात. मागे दोन जागा आहेत, पण त्या नावाच्या. माझ्यासारखीने मागे बसायचे म्हणजे गुडघे हनुवटीला लावून बसावे लागते. सासूबाई एकदाच बसल्या आणि उतरताना म्हणाल्या, ‘बाई गं, ही गाडी की भुयार?’ त्यानंतर त्या भाऊजींच्या साध्या गाडीतूनच जातात. तेव्हा मैत्रिणींनो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. ज्या घरात एकच गाडी घेणे शक्य आहे, त्या घराने ही घेऊ नये.

आता तिच्या ताकदीविषयी. आपल्यापैकी पुष्कळांकडे आठशे सी.सी.ची छोटी गाडी होती किंवा आहे. हिचे इंजिन ४९५१ सी.सी.चे, म्हणजे तसली सहा इंजिने एका पोटात. त्या छोट्या गाडीची शक्ती पन्नास घोड्यांच्या आत, तर हिची चारशेच्या आसपास. एकंदर वजन सुमारे पावणेदोन टन. इंजिन पुढे आहे, पण जोर मागच्या चाकांना मिळतो. छोट्या गाड्यांत बहुधा पुढची चाके गाडी ओढतात, हिच्यात मागची चाके ढकलतात. ओल्या रस्त्यावर आणि वळणावर हा फरक फार मोठा ठरतो.

आणि एवढी ताकद कामाला किती येते? सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेपासून पुढे ताशी चाळीस-पन्नासचा वेग मिळाला तरी नशीब. त्या वेगाने सरळ चालायला, आमचे यजमान सांगतात, दहा घोडेही पुष्कळ झाले. बाकीचे तीनशे नव्वद पागेत उभे राहून दाणा खातात. दाण्याचा हिशोब माझ्या वहीत आहे. गावात ही गाडी लिटरला साडेपाच ते सहा किलोमीटर जाते. जाऊबाईंचे जाणे-येणे रोजचे बावीस किलोमीटर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पावणेसहाशे किलोमीटर, आणि इकडे-तिकडे धरून शंभर लिटर. २०२४ साली पेट्रोल एकशेचारच्या आसपास होते. म्हणजे महिन्याला दहा हजारांवर पैसे नुसते पेट्रोलचे. छोट्या गाडीत तेवढेच अंतर तीन हजारांत झाले असते. इंजिनचे तेल बदलायचे तर छोट्या गाडीला तीन लिटर पुरते, हिला साडेसात लिटरांवर लागते. आणि ते वेळेवर बदलावेच लागते. वड्या-भजी तळून काळे पडलेले तेल आपण पुन्हा वापरत नाही. इंजिनच्या तेलाचेही तसेच आहे. तापून तापून त्याचा सत्त्वांश जातो.

रस्त्याची तऱ्हा आणखी निराळी. गाडीचे पोट जमिनीपासून साडेपाच इंचांच्या आत, आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर जवळजवळ नऊ फूट. गतिरोधक कसा असावा याचा सरकारी नियम आहे. उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी तीन मीटर सत्तर सेंटिमीटर, म्हणजे चढ-उतार मंद. पण आपल्या गल्लीबोळांत काय दिसते? हातभर रुंदीचा, पाटावरवंट्यासारखा उंचवटा. त्यावर पुढची चाके चढून उतरली की मधले पोट घासते. त्यासाठी जाऊबाई गाडी तिरकी घेतात. एका वेळी एकच चाक चढते, तेव्हा पोट वाचते. मागचे रिक्षावाले भोंगे वाजवतात. त्यांना कळत नाही की बाई नखरे करत नाहीत, हिशोब करत आहेत.

खड्ड्यांचेही तसेच. टायरच्या अंगावर आकडे छापलेले असतात. आमच्या पुढच्या टायरवर २५५/४० आर १९ असे आहेत. २५५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा चाळीस, म्हणजे चार इंच. १९ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास इंचांत. चार इंच रबराखाली लगेच धातू. खड्ड्यात चाक जोरात गेले तर रबर चेपून धातूला मार बसतो आणि चाकाला पोचा येतो. साध्या गाडीच्या टायरची भिंत उंच असते, तो मार तिथेच जिरतो.

आणि पाणी! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णामाईने आपल्या सांगलीचे काय केले, ते मी सांगायला नको. आयर्विन पुलाशी पाणी चाळीस फुटांवर गेले की इशारा आणि पंचेचाळीसवर धोका, हे आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. अशा बसक्या गाडीचा श्वास खालून असतो. साचलेल्या पाण्यातून जोरात नेली आणि इंजिनने हवेबरोबर पाणी ओढले, तर आतले दट्टे पाण्यावर आपटतात. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग दांडे वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. म्हणून आमच्या घरी नियम आहे. पाणी पस्तीस फुटांवर गेल्याचे कळले की लाल गाडी उंचावर, भावजींच्या मित्राच्या आवारात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नये, ढकलून बाहेर काढावी. हे लहान गाडीलाही लागू आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. पहिल्या पावसात रस्त्यावरचे वर्षभराचे तेलकट वर येते आणि डांबर बुळबुळीत होते, हे सायकल चालवणारालाही ठाऊक असते. जाऊबाई संध्याकाळी मिरजेहून परत येत होत्या. माझी आठ वर्षांची पुतणी मागच्या जागेवर होती. वेग पन्नासच्या आत. एक दूधवाला मोटारसायकलवर किटल्या बांधून बाजूच्या रस्त्याने एकदम पुढे आला. जाऊबाईंनी ब्रेक दाबला. पायाखाली थरथर लागली, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आपले काम करीत होती. पण गाडी थांबेना. मागचा भाग थोडा फिरला, गाडी तिरकी झाली, दुभाजकाला जाऊन टेकली. दूधवाल्यापासून अंतर दोन हात. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. दूधवाला शिव्या देऊन निघून गेला आणि त्या शिव्या आम्ही आशीर्वाद समजून घेतल्या.

घरी आल्यावर जाऊबाई देवापुढे बसल्या त्या तासभर उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले, ‘विकून टाका.’ कोणी म्हणाले, ‘बायकांच्या हातात एवढी गाडी द्यावीच कशाला?’ भाऊजी चुलतमामांपुढे नुसती मान हलवत होते. जाऊबाई पंधरा वर्षे गाडी चालवतात, त्यांच्या नावावर एक दंडाची पावती नाही. भाऊजींच्या नावावर किती आहेत ते माझ्या वहीत आहे, पण ते मी येथे वाचून दाखवत नाही.

आमच्या यजमानांनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी गाडी गॅरेजात घेतली, चारही चाके वर केली आणि मला हाक मारली. ‘वही घेऊन ये,’ म्हणाले. टायरच्या खाचा त्यांनी मोजल्या. कायद्याने १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नयेत, आमच्या तीन मिलिमीटरच्या आसपास होत्या. म्हणजे कायद्याने टायर पास. एका टायरवाल्यानेही मागच्या दिवाळीला ‘अजून दोन वर्षे काढाल’ असे छातीवर हात ठेवून सांगितले होते. मग त्यांनी मला टायरच्या अंगावरचे बारीक आकडे वाचायला सांगितले. एका लांबट चौकटीत चार आकडे होते, ०९१७. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे टायर २०१७ सालच्या नवव्या आठवड्यात तयार झालेले. सात वर्षे उलटून गेलेली.

मैत्रिणींनो, कुकरची रिंग आठवा. ती दिसायला धड असते. कुठे फाटलेली नसते. पण चार वर्षे झाली की कडक होते आणि वाफ धरत नाही. कितीही दाबून झाकण लावा, शिटी होत नाही. रबराचा हा धर्मच आहे. ऊन, उष्णता आणि वय यांनी ते कडक होते. टायर रस्त्याला धरून ठेवते ते त्याच्या मऊपणामुळे. कडक झालेले रबर कोरड्या रस्त्यावर कसेबसे निभावून नेते, ओल्या रस्त्यावर फसवते. आणि खाच उथळ झाली की चाकाखालचे पाणी बाहेर फेकले जात नाही, गाडी पाण्याच्या पातळ थरावर तरंगल्यासारखी होते. चारशे घोड्यांची गाडी असो की लुना असो, रस्त्याला टेकलेला भाग प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढाच असतो. सगळा जीव त्या चार तळहातांवर.

त्याच रविवारी आमच्या घरी बैठक बसली. त्या बैठकीचा विषय खरे तर निराळाच होता. जाऊबाईंनी वर्षभर गाडीसाठी म्हणून पैसे बाजूला टाकले होते. आमचा थोरला, वय चोवीस, गॅरेजात वडिलांच्या हाताखाली काम करतो. त्याने त्या पैशांचा बेत आधीच करून ठेवला होता. इंजिनवर ‘सुपरचार्जर’ बसवायचा. लोहाराचा भाता पाहिला आहे ना? भाता हलला की निखारा फुलतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा भाता. जास्त हवा आत कोंबतो, त्याबरोबर जास्त पेट्रोल जाते, आणि चारशेचे घोडे सहाशेच्या घरात जातात. त्याशिवाय मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, आणि पुण्याहून कॅन भरून शंभर ऑक्टेनचे पेट्रोल आणायचे. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात ते काही मोठ्या शहरांत विकायला काढले होते. पोराचे डोळे बोलताना चमकत होते. खोटे कशाला बोलू, जाऊबाईंचेही चमकत होते. हौस ही हौस असते.

मी माझे म्हणणे मांडले. मोठ्यांच्या बैठकीत बायकांनी बोलू नये अशी आमच्याकडे रीत होती, पण वही ज्याच्या हाती त्याला बोलावेच लागते. मी म्हणाले, ‘दूधवाल्यापुढे गाडी थांबली नाही, ती घोडे कमी पडले म्हणून का? आपल्याला पळण्याची अडचण नाही, थांबण्याची आहे.’

यजमानांनी मग हिशोब सांगितला, तो मी आपल्याला सांगते, कारण तो प्रत्येक वाहनाचा आहे. समोर काही आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. ताशी चाळीसच्या वेगात त्या एका सेकंदात गाडी अकरा मीटर जाते, ऐंशीच्या वेगात बावीस. आणि ब्रेक लागल्यानंतरचे अंतर तर दुप्पट वेगाला दुप्पट नव्हे, चौपट होते. घोडे वाढवल्याने यातला एक मीटरही कमी होत नाही. कमी होतो तो टायरने, ब्रेकने आणि डोक्याने.

पेट्रोलविषयीही ते बोलले. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद, असा पुष्कळांचा समज आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा धीर. दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याचा गुण. ज्या इंजिनाला तेवढा धीर लागत नाही, त्याला महागडे पेट्रोल पाजून विशेष काही मिळत नाही.

कायद्याची बाजू भाऊजींनी सांगितली. गाडीच्या नोंदणीत कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्यात आपल्या मनाने बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम तसे सांगते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. विम्याचेही दुखणे आहे. न कळवता इंजिनात बदल केला आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवून पैसे अडवू शकते. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात, ते आपण वर्तमानपत्रात पाहिलेच आहे. शिवाय आपल्या गल्लीत आजारी माणसे आहेत, दहावीची मुले आहेत. घोडा आपला, पण कान शेजाऱ्यांचे!

यावर थोरला फुरंगटून म्हणाला, ‘मग गाडी सुधारायचीच नाही का?’ मी म्हटले, ‘सुधारायची. पण सुधारणा कशाला म्हणायची ते आधी ठरवू.’ मग त्यानेच मला पूर्वी वाचून दाखवलेली एक गोष्ट मी त्याला परत सांगितली. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटारगाडी केली, पण ती विकत घ्यायला कोणी पुढे येईना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बर्था यांनी नवऱ्याला न सांगता पहाटे गाडी काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, माहेरी, शंभरावर किलोमीटर नेली. इंधन एका औषधाच्या दुकानातून घेतले. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर कातडे ठोकून घेतले. घरी आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा असे नवऱ्याला सांगितले. मोटारीच्या त्या पहिल्या लांब प्रवासात एका बाईने पहिली सुधारणा केली, ती ब्रेकची. वेगाची नव्हे.

थोरला हसला. पण निर्णय त्याचा नव्हता, माझाही नव्हता. गाडी जाऊबाईंची, पैसे त्यांचे. त्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, यादी लिहा. आधी थांबायचे, मग पळायचे बघू.’

यादी अशी झाली. पहिले, चार नवे टायर. त्यावर वेगाचे अक्षर असते. एच म्हणजे ताशी २१०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. आपण कुठे तीनशेने जातो, म्हणून खालच्या अक्षराचे स्वस्त टायर घालावेत असा एक सल्ला आला. पण ते अक्षर वेगाबरोबर टायरच्या बांधणीविषयीही सांगते, आणि गाडी ज्या बांधणीसाठी केली ती सोडू नये. चारांचे लाखाच्या वर गेले. लिहिताना माझा हात थरथरला. दुसरे, ब्रेकचे तेल. हे तेल हवेतली ओल पिते, पावसाळ्यात मीठ पाझरते तसे. ओल प्यालेले तेल लवकर उकळते, आणि उकळले की पाय दाबून ब्रेक पोकळ लागतो. ते दर दोन वर्षांनी बदलावे. आमच्या वहीत गाडी घेतल्यापासून त्याची नोंद नव्हती आणि आधीच्या मालकाच्या कागदांतही नव्हती. ते बदलले, ब्रेकपॅडही बदलले. तिसरे, चाकांची सरळ रेषा तपासून घेतली. चौथे, हवा. सकाळी टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिली आहे तेवढीच. पाचवे, पावसाचे बटण. या गाडीत चालवण्याच्या चार तऱ्हा आहेत. त्यातली एक बर्फ व ओल्या रस्त्यासाठी आहे. तीत इंजिन जरा सबुरीने उत्तर देते. मृगापासून दसऱ्यापर्यंत तीच लावायची.

आणि सहावी गोष्ट, जिला पैसा लागला नाही. २०१७ च्या जानेवारीत युरोपातील ‘युरो एनकॅप’ या संस्थेने या गाडीची टक्कर देऊन परीक्षा घेतली, तेव्हा तिला पाचांपैकी दोनच तारे मिळाले. लहान मुलांच्या बाबतीत शंभरात बत्तीस गुण. सुधारलेल्या गाडीला त्याच वर्षी तीन तारे मिळाले, पण आमची जुन्या घडणीची. किंमत जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, असे नसते. हे ऐकल्यावर जाऊबाईंनी त्या दिवसापासून मुलीला लाल गाडीत मागे बसवणे बंद केले. ती भाऊजींबरोबर जाते. पोरगी रुसली. रुसू दे. रुसलेली पोर समजूत घालून हसते.

त्यानंतर एक पावसाळा गेला. त्याच जागी, तसल्याच पावसात, यजमानांनी पहाटे मोकळ्या रस्त्यावर गाडी थांबवून पाहिली. सरळ रेषेत, मुकाट्याने थांबली. जाऊबाई पुन्हा निर्धास्त जातात. थोरल्याच्या मनातून सुपरचार्जर गेला आहे असे मी म्हणणार नाही. त्याची चित्रे अजून त्याच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहेत. पेट्रोलचे दहा हजारही तसेच जातात. सासूबाईंचे मतही बदललेले नाही.

मग ही गाडी ठेवावीच कशाला? हा तुमचा शेवटचा प्रश्न. मैत्रिणींनो, जाऊबाई सकाळी नऊपासून लोकांच्या तोंडात वाकून उभ्या असतात. संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावून त्या गाडीत बसतात, आणि तो गंभीर आवाज सुरू झाला की, त्या म्हणतात, ‘ताई, ही पंचवीस मिनिटे माझी एकटीची.’ घरी आल्यावर त्या सून असतात, आई असतात. नवऱ्याने घड्याळांची हौस केली तर आपण कौतुक करतो, मुलाने मोटारसायकल घेतली तर पेढे वाटतो. बाईने स्वतःच्या पैशांनी गाडी घेतली की मात्र ‘कशाला हवी होती?’ असे विचारतो. १९६४ साली या मस्टँगची पहिली गाडी दुकानातून नेली, ती शिकागोच्या एका बावीस वर्षांच्या शिक्षिकेने. तिला त्या वेळी कोणी काय विचारले ते मला ठाऊक नाही, पण विचारले असणारच! माझे म्हणणे एवढेच की हौसेला नाव ठेवू नये. हौसेला हिशोब मात्र असावा, आणि तो हिशोब बाईने स्वतः मांडावा.

आता जाता जाता एक काम सांगते. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जणी स्कूटर चालवतात. मुलांना शाळेत सोडतात, बाजार आणतात. आज घरी गेल्यावर दिवाबत्ती झाली की आपल्या स्कूटरच्या टायरवरचे ते चार आकडे वाचा. शेवटचे दोन म्हणजे साल. सहा-सात वर्षांमागचे असेल तर खाच कितीही शाबूत दिसो, एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. वाचता आले नाहीत, तर गॅरेजात या. मी वाचून देईन, त्याचे पैसे लागत नाहीत. मुलांना सोडणाऱ्या भगिनींनी पहिल्या पावसाच्या आत हे अवश्य करावे.

मंडळाच्या आजवरच्या वर्षांत येथे लोणच्यापासून लसीकरणापर्यंत अनेक विषय झाले. मोटारगाडीचा विषय बहुधा पहिलाच असेल. मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि सर्व भगिनी रोज सुखरूप घरी पोहोचोत, अशी कृष्णामाईला प्रार्थना करून मी माझे चार शब्द संपवते.